मातींतले चोर व मातींतले सोयरे

‘दुखणें रेड्याला आणि डाग पखालीला’ ही म्हण मीं शाळेंत मुलांना कित्येक वर्षें शिकविली. अर्थ सांगा, वाक्यांत उपयोग करा, असें म्हणून तिच्यावर गुणहि दिले. परंतु तिचा खरा उपयोग मला स्वतःला कळला तो सेवानिवृत्तीनंतर, आमच्याच हरभऱ्याच्या शेतांत, आणि तोहि घरांतल्या लहान माणसांच्या देखत. तो प्रसंग आज वाचकांस सांगावयाचा आहे. ज्यांच्या घरीं शेती आहे त्यांच्यावर तो आज ना उद्यां यावयाचा आहे. आणि ज्यांच्या घरीं शेती नाहीं त्यांच्याहि ताटांत डाळ आहेच.

आमचा गोंदिया जिल्हा धानाचा. १९९९ सालीं तो भंडाऱ्यापासून वेगळा झाला, तरी माती, पाणी व चालीरीति दोहींकडे एकच आहेत. मालगुजारांच्या वेळचे तलाव, त्यांच्या पाण्यावर भिजणाऱ्या बांध्या, धुऱ्यावर तूर, आणि धान निघालें कीं उरलेल्या ओलीवर हरभरा व जवस. लाखोरी तर धान उभें असतांनाच त्याच्या पायाशीं चिखलांत फेकतात. म्हणजे द्विदल धान्य हें आमच्याकडे धानाच्या पाठचें भावंड. थोरल्याचें उरलें तें खाऊन वाढावयाचें आणि तक्रार करावयाची नाहीं, हा त्याचा धर्म. त्यामुळें त्याच्याकडे कोणी फारसें पाहत नाहीं. तें मरूं लागलें कीं मात्र घरांत धांवपळ सुरू होते.

आमचें घर अद्याप एकत्र आहे. शेतीचा कारभार धाकटे बंधु पाहतात, त्यांचा मुलगा कृषि पदविका घेऊन त्यांच्या हाताशीं आहे, आणि सल्ला देण्याचें काम माझ्याकडे आहे. त्यास बैल लागत नाहीं कीं पाऊस लागत नाहीं. दोन वर्षांपूर्वीं मार्गशीर्षाच्या सुमारास विहिरीजवळच्या तुकड्यांत हरभऱ्याचीं रोपें जागोजाग माना टाकूं लागलीं. आज हिरवें दिसलेलें रोप दोन-चार दिवसांत वाळून जाई. बंधु म्हणाले, उधई लागली. शेजारी म्हणाले, अळी आहे. मीं दोघांच्याहि म्हणण्यास मान डोलाविली. पुतण्या बाजाराच्या गांवीं गेला आणि संध्याकाळीं एक पिशवी घेऊन आला. पिशवीवर ना नांव, ना तारीख. आंत वाळूसारखे दाणे, आणि वास असा कीं ओसरीवर बसवेना. ‘मुळाशीं मुठीनें टाका व पाणी सोडा, जमिनींत किडा म्हणून उरणार नाहीं,’ असें विकणारानें सांगितलें होतें.

बंधूंचें म्हणणें असें कीं, सकाळींच बाया लावून तें टाकून घ्यावें. त्यांचीहि चूक नव्हती. त्या वर्षीं धानाचा पैसा नातीच्या लग्नांत गेला होता, सोसायटीचें देणें उभें होतें, आणि वर्षाचा उरलेला खर्च त्या हरभऱ्यावर होता. मी म्हणालों, थांबावें. पण कां थांबावें हें मला सांगतां येईना. आमची चर्चा चढत गेली तेव्हां आंतून भावजयीनें विचारलें, ‘भाऊजी, त्या विहिरीचें पाणी आपण उन्हाळ्यांत पितों. तें पोरांना द्यायचें कीं नाहीं, एवढें आधीं ठरवा. आणि मुठीनें टाकायचें म्हणतां, तर मूठ कोणाची?’ त्यावर कोणीच बोललें नाहीं.

पुतण्यानें विकणारास दूरध्वनि करून दाण्यांचें नांव विचारलें. तें फोरेट निघालें. भारत सरकारनें २०१८ च्या ऑगस्टांत काढलेल्या हुकमानें ३१ डिसेंबर २०२० पासून ज्या विषारी औषधांचा वापर अजिबात बंद झाला, त्यांत हें एक आहे. हातावाटे, श्वासावाटे, पाण्यावाटे, कोणत्याहि वाटेनें तें शरीरांत शिरतें व मज्जातंतूंवर आघात करतें. ती पिशवी दुसऱ्या एका पिशवींत बांधून बंधूंनीं तालुक्याच्या कृषि अधिकाऱ्यांच्या स्वाधीन केली. त्यांनीं तशी ती केली नसती आणि आम्ही ती वापरली असती तर पुढें काय झालें असतें, तें दुसऱ्या दिवशीं सकाळीं कळलें.

सकाळीं पुतण्या म्हणाला, ‘मोठेबाबा, औषध मग पाहूं, आधीं रोप उपटून तर पाहूं.’ माझ्या चाळीस वर्षांच्या मास्तरकीस हें सुचलें नव्हतें. त्यानें वाळत आलेलें एक रोप मुळासकट काढलें. मूळ शाबूत होतें, कुठें कुरतडल्याची खूण नव्हती. मग त्यानें चाकूनें खोड व मूळ उभें चिरलें. आंत मधोमध काळसर-तपकिरी रेघ होती, जणूं कोणी शाईचा दोरा ओवला होता. दहा रोपें चिरलीं, बहुतेकांत तीच रेघ. सखल कोपऱ्यांत पाणी साचत होतें, तेथील रोपांची गोष्ट थोडी वेगळी होती. त्यांचें खोड जमिनीलगत कुजलें होतें, त्याभोवतीं कापसासारखे पांढरे तंतु होते, आणि तंतूंत मोहरीसारखे बारीक दाणे होते. किडा एकाहि मुळाशीं सांपडला नाहीं.

पहिला रोग तो हरभऱ्याचा मर, दुसरा मानकूज. दोन्ही बुरशीचे. फोरेट हें किड्यांचें विष. बुरशीला त्याचें कांहीं नाहीं. म्हणजे विहीर नासली असती, मजूर बायांच्या हातास विष लागलें असतें, देणें वाढलें असतें, आणि हरभरा मेला असता तो मेलाच असता. म्हणीचा वाक्यांत उपयोग याहून चांगला कोणता व्हावा?

आतां माझा वांटा सांगतों. लग्नासाठीं अंगण मोकळें हवें म्हणून आश्विनांत उकिरडा उपसण्याचा आग्रह मीच धरला होता. खत अर्धवट कुजलेलें होतें, हात घातला तर ऊब लागत होती. तें त्याच तुकड्यांत पडलें. धानाचीं धसकटेंहि ओल्या जमिनींत तशींच नांगरलीं गेलीं, आणि वाफसा नीट येण्यापूर्वींच पेरणी उरकली. न कुजलेला पालापाचोळा, ओल व ऊब, हीं तीन मिळालीं कीं मानकुजीची बुरशी पोसली जाते. कच्च्या शेणखतावर उधई व हुमणीचे भुंगेरेहि येतात. चोरास मीं दार उघडून दिलें, पुढें ओटाहि झाडून ठेवला.

म्हणून पहिली गोष्ट ओळख. रोप वाळलें तर औषधाच्या दुकानाकडे न जातां त्या रोपाच्या मुळाकडे जावें. मूळ शाबूत व आंत काळी रेघ, तर मर. मानेशीं पांढरे तंतु व मोहरीसारखे दाणे, तर मानकूज. मूळ पोखरून त्यांत माती भरली असेल तर उधई. मुळें कुरतडलेलीं व जवळच मातींत इंग्रजी सी अक्षरासारखी वाकलेली, तपकिरी डोक्याची पांढरी अळी असेल तर हुमणी. ती आमच्याकडे पाणी भरणाऱ्या बांधींत सहसा टिकत नाहीं, वरच्या कोरड्या रानांत, तुरीच्या व भुईमुगाच्या मुळाशीं सांपडते. रोप जमिनीलगत कातरून पडलेलें दिसलें तर तें रात्रीं हिंडणाऱ्या कातर-अळीचें काम. दिवसा ती त्याच रोपाजवळ मातींत वेटोळें करून पडलेली असते. पांच चोर, पांच तऱ्हा. एकाच काठीनें पांचांस मारूं जाणें हें काठी विकणाराच्याच हिताचें.

दुसरी गोष्ट अशी कीं, द्विदलाचें मूळ हें भरलेलें घर आहे. निरोगी रोप हलकेच उपटून पाहा. मुळावर लहान गांठी दिसतील. एखादी नखानें फोडली आणि आंत गुलाबी-लाल रंग दिसला तर समजावें कीं तेथें काम चालूं आहे. त्या गांठींतील जीवाणु हवेंतील नत्र रोपास खाण्याजोगा करून देतात. हें गूढ हेलरीगेल या जर्मन शास्त्रज्ञानें १८८६ सालीं उकललें व १८८८ सालीं हॉलंडांतील बायेरिंक यानें ते जीवाणु वेगळे करून दाखविले. हरभऱ्यास खत थोडें लागतें व त्याच्या मागचें पीक सुधारतें, याचें कारण हे सोयरे. त्यांच्या शेजारीं गांडुळें असतात. जमिनींत टाकलेलें विष दारावर उभें राहून ‘तूं चोर कीं सोयरा?’ असें विचारीत नाहीं. फोरेटासारखीं दाणेदार विषें गांडुळांस घातक आहेत, आणि बियाण्यास चोळावयाचीं कांहीं बुरशीनाशकें गांठींच्या जीवाणूंसहि बाधतात.

तिसरी गोष्ट जुन्या विश्वासाची. आमच्या लहानपणीं उधईवर बी. एच. सी. ची भुकटी हातानें उधळीत. अल्ड्रिनहि त्याच पंक्तीचें. तेव्हां तें शास्त्र होतें, व शंका घेणारा मागासलेला. अल्ड्रिन १९९६ सालीं व बी. एच. सी. १९९७ सालीं देशांत बंद झालें. त्याचें शुद्ध रूप जें लिंडेन, त्याचा वापरहि २०१३ सालीं थांबला. विदर्भांतील वाचकांस २०१७ साल तर विसरतां येणार नाहीं. त्या वर्षीं यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर फवारणी करतांना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-मजुरांचे प्राण गेले. रसायन तेवढें पाप असें मी म्हणत नाहीं. आमच्या औषधांच्या पेटींतहि रसायनेंच आहेत. पण ज्याचा आज निर्वाळा मिळतो त्याचा उद्यां निषेध होतो, हें एका आयुष्यांत अनेकदां पाहिल्यावर माणसानें आधीं दुसरे उपाय संपवावे, एवढें शहाणपण यावयास हरकत नाहीं.

ते उपाय आहेत, परंतु ते वेळेचे उपाय आहेत. रोप माना टाकूं लागल्यावर त्यांतील बहुतेक निरुपयोगी. त्यांची सुरुवात चैत्र-वैशाखांत होते. जमीन खोल नांगरून तापूं द्यावी. घाटे अळीचे कोष, हुमणी, कातर-अळी वर येतात, आणि ऊन, बगळे व साळुंक्या पुढचें काम विनामूल्य करतात. ज्येष्ठांत वळवाचा पहिला पाऊस पडला कीं संध्याकाळीं हुमणीचे भुंगेरे कडुलिंब, बाभूळ व बोरीवर जमतात. फांद्या हलवून ते खालीं पाडावे व रॉकेल टाकलेल्या पाण्यांत बुडवावे. हें काम एकट्यानें करून भागत नाहीं. सगळ्या गांवानें चार संध्याकाळ केलें तरच त्याचा गुण. उधईचें वारूळ असेल तर तें खोल खणून राणीसकट काढावें. वरवर पाडलेलें वारूळ पुन्हां उभें राहतें.

पुढें खताची पाळी. शेणखत काळें, भुसभुशीत व गार झालें असेल, शेणाचा वास गेला असेल, तरच शेतांत न्यावें. ट्रायकोडर्मा नांवाची एक उपकारी बुरशी आहे. ती अपकारी बुरशीस विळखा घालून खाते व तिची जागा अडवून बसते. तिची १ किलो भुकटी १०० किलो मुरलेल्या शेणखतांत मिसळून, ओलसर करून, आठवडाभर सावलींत झांकून ठेवावी व पेरणीपूर्वीं एका एकरांत पसरावी. निंबोळीची पेंड एकरीं सुमारें १०० किलो शेवटच्या वखरणीच्या वेळीं मातींत मिसळावी. उधई, हुमणी व सूत्रकृमि यांस ती आवर घालते. हुमणीचा त्रास फार असेल तर मेटारायझियम ही हिरवी बुरशी आहे. १८७९ सालीं ओडेसा प्रांतांत गव्हाच्या भुंग्यांच्या अळ्या मरतांना पाहून मेचनिकॉफ यानें ती ओळखली. हाच विद्वान् पुढें रोगप्रतिकाराच्या शोधाबद्दल १९०८ चें नोबेल पारितोषिक मिळविणारा झाला.

मग बियाणें. मर रोगास दाद न देणारे वाण आतां आपल्याकडे आहेत. राहुरीचे विजय व दिग्विजय, तसाच आमच्याकडे चालणारा जाकी ९२१८. हा उपाय सर्वांत स्वस्त, कारण वाईट बियाण्यासहि पैसे पडतातच. मर रोगाची बुरशी पीक नसतांनाहि जमिनींत सहा वर्षें टिकते, तेव्हां नुसत्या फेरपालटानें ती हटत नाहीं. वाणाची निवड करावीच लागते. पेरणीच्या आदल्या दिवशीं किलोला ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा चोळावा. नंतर १० किलो बियाण्यास २५० ग्रॅम रायझोबियम गुळाच्या पाण्यांत कालवून हलक्या हातानें लावावें व सावलींत सुकवावें. हीं भुकट्यांतलीं पाकिटें जिवंत जीवांचीं आहेत, म्हणून तारीख पाहून घ्यावीं, उन्हांत ठेवूं नयेत, व त्यांत बुरशीनाशक मिसळूं नये. पाहुण्यास बोलावून त्याच्याच पानांत विष वाढण्यासारखें तें होईल.

पेरल्यावर कातर-अळी दिसलीच तर संध्याकाळीं शेतांत ठिकठिकाणीं गवताचे लहान ढीग ठेवावे. पहांटे अळ्या त्यांखालीं आसऱ्यास जमतात, त्या वेंचाव्या. परसांत वाल, घेवडा, चवळी लावणाऱ्या भगिनींनीं वाफ्याच्या कडेनें झेंडू लावावा. त्याच्या मुळांतील द्रव्य सूत्रकृमींस मारक आहे. वैशाखांत रिकामा वाफा भिजवून त्यावर पातळ पारदर्शक प्लॅस्टिक महिना-दीड महिना घट्ट अंथरलें तर आंतील उष्णतेनें पुष्कळ बुरशी मरते. इस्रायलांतील काटान यानें १९७६ सालीं ही युक्ति सिद्ध केली. आपल्याकडील ऊन तर त्याहून उणें नाहीं.

येथें एक इशारा देतों. ‘नैसर्गिक’ म्हणजे निर्धोक, असें समजूं नये. तंबाखूचा काढा वनस्पतीचाच, पण त्यांतील निकोटिन जहाल विष आहे. तसेंच ‘प्राचीन’ म्हणजे सिद्ध, असेंहि नव्हे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत सीताध्यक्षाच्या प्रकरणीं बियाण्याची तयारी सांगितली आहे. भात इत्यादि धान्यांचें बीं सात रात्रीं दंवांत व दिवसा उन्हांत ठेवावें. कोशीधान्यास, म्हणजे कोशांत, शेंगेंत होणाऱ्या धान्यास, तीन ते पांच रात्री पुरेत. त्यानें मर थांबतो असें मी म्हणणार नाहीं. मला त्यांत मोल वाटतें तें एवढ्याचें कीं, पिकाची काळजी पेरणीच्या आधीं घ्यावयाची असते, हें त्या ग्रंथकारास ठाऊक होतें आणि मला, तो ग्रंथ वाचलेला असूनहि, नव्हतें.

गेल्या वर्षीं कार्तिकांत आम्हीं त्याच तुकड्यांत हें सारें क्रमानें केलें. धसकटें वेंचलीं, पाणी साचणाऱ्या कोपऱ्यास चर काढला, वाफशाची वाट पाहिली, वाण बदलला. पुतण्याच्या सांगण्यावरून चार तासें मात्र जुन्या बियाण्याचीं व कांहीं न करतां पेरलीं, ताडून पाहण्यासाठीं. तीं चार तासें पुन्हां विरळ झालीं. उरलेलें रान भरलें. सखल कोपऱ्यांत कांहीं रोपें तरीहि गेलीं. सोळा आणे गुण आला असें सांगणें खोटें होईल. देण्याचा हप्ता मात्र वेळेवर गेला, आणि विहिरीचें पाणी आम्ही या उन्हाळ्यांत निःशंक प्यालों.

पुतण्यानें हें सर्व तारीखवार एका वहींत लिहून ठेवलें आहे. लिहून ठेवण्याचें महत्त्व किती, तें कडुलिंबाच्या खटल्यावरून कळावें. कडुलिंबाच्या तेलानें बुरशी आवरण्याच्या पद्धतीचें पेटंट युरोपांतील कचेरीनें १९९४ सालीं अमेरिकेंतील एक कंपनी व तेथील शेतकी खातें यांस दिलें. तें २००० सालीं रद्द झालें व २००५ सालीं अपिलांतहि तोच निकाल राहिला. त्या वेळीं उपयोगीं पडली ती पुणें व सांगली भागांतील शेतांवर १९८५-८६ सालीं झालेल्या प्रयोगांची साक्ष. आपल्या आज्या-पणज्या धान्यांत कडुलिंबाचा पाला पिढ्यान्पिढ्या घालीत आल्या. त्यांची वही कोणी ठेवली नाहीं.

हा अंक हातीं पडेल तेव्हां निंबोळ्या पिकून गळूं लागल्या असतील. घरांतील मुलांस एकेक टोपली देऊन झाडाखालीं पाठवावें, गर धुऊन बिया सावलींत वाळवाव्या, व गोणपाटांत भरून ठेवाव्या, प्लॅस्टिकांत बुरसतात. हें काम लहानांकडून होण्यासारखें आहे. मोठ्यांकडे एकच काम ठेवावें: उकिरड्यास हात लावण्यापूर्वीं खत गार झालें आहे कीं नाहीं, तें पाहणें. आमच्या घरीं तें काम आतां भावजयीकडे आहे. त्या बाबतींत माझा सल्ला घेतला जात नाहीं.